घरची ओढ आणि विद्यापीठाचं वेळापत्रक

नव्या विद्यार्थ्याचं मन लागत नसतं तेव्हा विद्यापीठाच्या दप्तरी काहीच घडलेलं नसतं. हजेरी लागते, फी भरलेली असते, हॉस्टेलच्या वहीत रात्रीची सही होते. प्रवेश रद्द करण्याचा अर्ज टेबलावर आला की मग कोणीतरी पहिल्यांदा विचारतं, ‘काय झालं?’ उत्तर येतं, ‘करमत नव्हतं.’ पोरगं हळवं होतं, घरच्यांनी लाडावून ठेवलं होतं, असा शेरा मारला जातो आणि विषय संपतो.

आमचं म्हणणं असं की करमणं-न करमणं हे बऱ्याच अंशी वेळापत्रकावर, खोल्यांच्या वाटपावर आणि पहिल्या सहा आठवड्यांच्या आखणीवर ठरतं. या तिन्ही गोष्टी विद्यापीठाच्या हातात आहेत. त्यामुळे घरची ओढ हा विद्यार्थ्याच्या स्वभावाचा प्रश्न म्हणून सोडून देता येत नाही. विद्यार्थ्यानं आणि घरच्यांनी करायच्या गोष्टीही पुष्कळ आहेत, पण संध्याकाळी पाचनंतर ज्या इमारतीत एकही उघडं दार नाही, तिथे चांगल्या सवयी कितपत पुरणार?

हा प्रश्न जुना आहे. 1688 साली बाझलमध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्यानं घरच्या ओढीवर प्रबंध लिहिला आणि तिला रोग ठरवलं. त्यातला एक रुग्ण विद्यार्थीच होता. बर्नहून बाझलला शिकायला आलेला हा तरुण तापानं आणि खिन्नतेनं इतका खंगला की लोकांनी आशा सोडली होती. त्याला घरी न्यायचं ठरलं आणि वाटेतच तो सुधारू लागला. तेव्हापासून आपण दोन टोकांना हेलकावे खातो आहोत. एक तर हा आजार समजायचा आणि समुपदेशकाकडे चिठ्ठी द्यायची, नाही तर हा कमकुवतपणा समजायचा आणि ‘महिनाभरात होईल सवय’ म्हणायचं. पहिल्या मार्गानं समुपदेशकाची रांग वाढते, दुसऱ्यानं गप्प बसणाऱ्यांची.

या अवस्थेत प्रत्यक्षात दोन वेगळी दुःखं एकत्र आलेली असतात. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी 1999 साली वियोगाच्या दुःखासाठी एक मांडणी केली होती: माणूस गमावलेल्या गोष्टीकडे आणि नव्याने उभं करायच्या आयुष्याकडे आळीपाळीने वळत असतो, आणि हे मागेपुढे होणंच त्याला सावरतं. पुढे हीच मांडणी घरच्या ओढीलाही लावली गेली. एक दुःख घर सुटल्याचं, दुसरं नव्या जागी बूड टेकत नसल्याचं. दोन्हींवर इलाज निराळे आहेत, म्हणून आधी कोणतं जास्त आहे ते ओळखावं लागतं.

ओळखायची रीत सोपी आहे. आठ-दहा दिवस रोज ठरावीक तीन वेळांना, म्हणजे उठल्यावर, संध्याकाळी आणि झोपण्यापूर्वी, त्रास शून्य ते दहा या मापात लिहायचा आणि शेजारी दोन शब्दांत त्या वेळी काय चाललं होतं ते टिपायचं. वर्गात चांगलं बोललं गेलं, कोणासोबत जेवण झालं, त्या दिवशी आकडा खाली येत असेल, तर मुख्य अडचण रुळण्याची आहे. चांगल्या दिवशीही एका ठरावीक वेळेला आकडा चढत असेल, तर त्या वेळेला घरी काहीतरी असायचं, जे इथे नाही. मग ती वेळ भरून काढायला हवी. आकडा फोननंतर चढत असेल, तर प्रश्न फोनच्या वेळेचा किंवा घरच्या काळजीचा आहे. घरात आजारपण किंवा भांडण मागे ठेवून आलेल्या मुलांची ओढ ही बरीचशी काळजीच असते. त्यांना ‘मित्र जोड’ असं सांगून उपयोग नाही. घरची खरी बातमी ठरलेल्या वेळी कळण्याची सोय हवी.

आता विद्यापीठाकडे वळू. बहुतेक ठिकाणी नव्या विद्यार्थ्यांसाठी तीन दिवसांचा किंवा आठवड्याचा स्वागताचा कार्यक्रम असतो. सभागृहात शेकडो मुलं, एकामागून एक भाषणं, शेवटी गाणी. हेतू चांगला असतो, हिशेब मात्र चुकलेला असतो. जेफ्री हॉल या अमेरिकी संशोधकानं 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामातून काही अंदाज मिळतात: नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे 50 तास, मित्र म्हणावं इतकं जवळ यायला सुमारे 90 तास आणि घट्ट मैत्रीला 200 तासांहून अधिक. त्याच्या एका पाहणीत विद्यापीठात नव्यानं आलेली मुलंच होती. नुसत्या कामानिमित्त सोबत घालवलेले तास त्यात फारसे उपयोगी ठरत नाहीत, मोकळ्या वेळेतले ठरतात.

हे आकडे घेऊन साधा गुणाकार करून पाहावा. आठवड्यातून एकदा तासभर भरणारं मंडळ पंधरा आठवड्यांच्या सत्रात 15 तास देतं, म्हणजे सत्र संपलं तरी ओळख ओळखच राहते. तेच चार जण रोज रात्रीचं जेवण 40 मिनिटं एकत्र घेत असतील, तर सहा आठवड्यांत 28 तास होतात. त्यात आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन-दोन तास खेळ, फेरफटका किंवा नुसता गप्पांचा अड्डा धरला, तर आणखी 36. एकूण 64. सहा आठवड्यांत पहिला टप्पा ओलांडला. म्हणजे शंभर नवे चेहरे दाखवण्याची गरज नाही. तेच सात-आठ चेहरे पुन्हा पुन्हा समोर येण्याची गरज आहे.

चेहरे पुन्हा समोर येतात ते जागेमुळे. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शाख्टर आणि कर्ट बॅक यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत केलेला अभ्यास 1950 मध्ये प्रसिद्ध झाला. शेजारच्या दारात राहणाऱ्यांपैकी 41 टक्क्यांनी एकमेकांना जवळचे म्हटलं. त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत हे प्रमाण 10 टक्के होतं. अंतर काही पावलांचंच होतं. तरीही आपल्याकडचे बहुतेक हॉस्टेल-अधिकारी खोल्या अर्जाच्या क्रमांकानुसार वाटतात, विभाग प्रात्यक्षिकाच्या तुकड्या आडनावानुसार पाडतात, आणि ट्यूटोरियलचे गट तिसऱ्याच यादीतून निघतात. मुलाला दिवसभरात तीन वेगळे जमाव भेटतात आणि तिन्हीत तो उपराच. एका मजल्यावरच्या मुलांना शक्य तिथे एकाच प्रात्यक्षिकाच्या तुकडीत टाकणं, आणि पहिल्या सत्रात तुकड्या न बदलणं, याला खर्च शून्य आहे. एका कारकुनाचा एक दिवस जाईल.

विद्यापीठानं यापलीकडे आठ ते दहा जणांचे गट करावेत. सहा आठवडे, ठरलेला वार, ठरलेली वेळ, आणि ती वेळ संध्याकाळची. गटाबरोबर दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी द्यावा आणि त्याला मानधन द्यावं, कारण फुकटचं काम पहिल्या परीक्षेच्या आठवड्यात सुटतं. इथे एक चूक हमखास होते: गोल करून बसवतात आणि ‘तुम्हाला काय वाटतंय ते सांगा’ म्हणतात. अनोळखी माणसांत असं कोणी सांगत नाही, आणि जो सांगतो तो पुढच्या वेळी लाजेनं येत नाही. गटाला काम द्यावं. पहिल्या आठवड्यात ग्रंथालयातून प्रत्येकानं एक पुस्तक काढायचं. दुसऱ्या आठवड्यात आरोग्य केंद्र, बँक आणि रात्री उघडं असणारं औषधांचं दुकान शोधून यायचं. तिसऱ्यात पहिल्या सबमिशनची वही एकत्र बसून लावायची. बोलणं हात कामात असताना आपोआप सुरू होतं.

तिसरी गोष्ट पहिल्या गुणांची. पहिल्या सत्राचा पहिला निकाल तीन-चार महिन्यांनी लागणार असेल, तर तोवर ‘आपण इथले नाहीच’ ही शंका तपासून पाहायला मुलाकडे काहीच नसतं, आणि घरची ओढ त्याच शंकेवर पोसते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अगदी थोड्या गुणांचं एक काम द्यावं आणि आठवड्याच्या आत दोन ओळींच्या शेऱ्यासह परत करावं. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी 2011 मध्ये एका प्रयोगाचा निकाल मांडला होता. सुमारे तासाभराच्या सत्रात नव्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गांतल्यांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही परकं वाटलं, मग हळूहळू ते गेलं. त्यातल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पुढच्या तीन वर्षांत सुधारले. हे वाचून अनेकांना वाटलं की एक पत्रक वाटलं की झालं काम. पण 2023 मध्ये 22 संस्थांतल्या जवळजवळ 27 हजार विद्यार्थ्यांवर तोच प्रयोग झाला, तेव्हा परिणाम दिसला तो मुख्यतः जिथे त्या-त्या सामाजिक गटातल्या मुलांना खरोखर सामावून घेतलं जात होतं तिथे. दार बंद ठेवून ‘या, तुमचंच आहे’ असा फलक लावल्यानं काही होत नाही, असाच याचा अर्थ.

आणि स्वागताच्या आठवड्यामागे आणखी एक समजूत दडलेली असते. नव्या जागी माणूस आधी हुरळून जातो, मग खचतो, मग सावरतो, असा इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा आलेख स्वेरे लिसगार्डनं 1955 साली नॉर्वेच्या शिष्यवृत्तीधारकांवरून मांडला होता. कोलीन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये न्यूझीलंडला गेलेल्या जपानी विद्यार्थ्यांवर तो तपासला, तर सर्वांत जास्त त्रास अगदी आल्या-आल्याच निघाला. हुरळून जाण्याचा काळ विद्यार्थ्यांपेक्षा कार्यक्रम आखणाऱ्यांचाच असावा, अशी शंका येते.

घरच्यांकडे थोडं जास्त थांबायला हवं, कारण त्यांच्या प्रेमातूनच काही चुका होतात. ख्रिस्तोफर थर्बर आणि एडवर्ड वॉल्टन यांनी या ओढीवर बरीच वर्षं काम केलं. धोका वाढवणाऱ्या ज्या गोष्टी त्यांनी दाखवल्या त्यांत तीन ठळक आहेत: घराबाहेर राहण्याचा आधीचा अनुभव नसणं, जाण्याचा निर्णय आपला न वाटणं, आणि तिकडे वाईटच होणार अशी आधीपासूनची धास्ती. तिन्ही गोष्टी निघण्यापूर्वीच्या आहेत. म्हणून तयारीही तेव्हाच करावी. निघण्याआधीच्या दोन महिन्यांत एक-दोनदा दोन-तीन रात्री घरच्यांशिवाय, शक्यतो फोनशिवाय, दुसरीकडे राहावं आणि परतल्यावर काय जड गेलं, काय उपयोगी पडलं, यावर बोलावं. कपडे धुणं, डॉक्टरकडे स्वतः जाऊन दुखणं सांगणं, प्रवासाचं तिकीट काढणं ही कामं आधी एकेकदा झालेली असावीत. पहिल्या तापात आईची आठवण येणारच, पण त्याच वेळी दवाखाना कुठे आहे हे शोधत बसावं लागू नये.

सर्वांत घातक वाक्य म्हणजे ‘नाही आवडलं तर सांग, लगेच घेऊन येतो.’ बोलणाऱ्याला वाटतं आपण धीर दिला. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र प्रत्येक वाईट संध्याकाळ हा परत जाण्याचा पुरावा म्हणून जमा होऊ लागते, आणि वर ‘तुला जमणार नाही असं आम्हालाही वाटतंच आहे’ हेही त्याला ऐकू येतं. त्याऐवजी तारीख द्यावी: ‘पहिल्या सुट्टीत तू घरी येशील, तेव्हा नीट बसून बोलू. तोवर अमुक दिवशी, अमुक वेळी फोन.’

फोनबद्दल दोन्ही बाजूंनी टोकाचं सांगितलं जातं. अजिबात करू नका म्हणणारे चुकतात, कारण घराशी धागा तुटल्यानं कोणी रुळत नाही. सतत जोडलेले राहणारेही चुकतात. व्हिडिओ चालू ठेवून खोलीत वावरणाऱ्या मुलीचं शरीर हॉस्टेलवर आणि कान घरी असतात. शेजारचं दार वाजलं तरी तिला ऐकू येत नाही. पहिले दोन आठवडे दिवसाआड 15 ते 20 मिनिटं, नंतर आठवड्यातून दोन-तीनदा, एवढं बहुतेकांना पुरतं. वेळ जेवणाआधीची ठेवावी, म्हणजे फोन संपला की लगेच माणसांत जावं लागतं. झोपण्यापूर्वीचा फोन टाळावा: दिवसातली सर्वांत हळवी वेळ तीच, फोन ठेवल्यावर अंधारात एकटं पडायचं, आणि पलीकडे घरचेही जागेच. ‘आठवण येते का?’ हा प्रश्न रोज विचारू नये. ‘आज कोणाशी बोललास? उद्या काय आहे?’ हे विचारावं. घरातली वाईट बातमी लपवू नये. एकदा लपवलेली कळली की पुढचं प्रत्येक ‘सगळं ठीक आहे’ खोटं वाटू लागतं.

विद्यार्थ्याच्या बाजूनं सगळ्यांत उपयोगी काम कंटाळवाणं आहे: संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत आठवड्यातले किमान चार दिवस आधीच ठरवून ठेवणं. मन झालं की जाईन, असं म्हटलं की मन होत नाही. ठरवलेलं काम दुसऱ्या माणसाशी बांधलेलं असावं, म्हणजे ‘ग्रंथालयात जाईन’ ऐवजी ‘साडेसहाला अमक्याबरोबर ग्रंथालयात’. खोली पहिल्या दिवशीच लावावी. महिनाभर बॅगेतून कपडे काढणारा माणूस रोज सकाळी स्वतःला सांगत असतो की आपण पाहुणे आहोत. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही तासाभरापेक्षा जास्त हलू देऊ नये आणि उठल्यावर अर्ध्या तासात उजेडात जावं. चहा-कॉफी दुपारनंतर कमी करावी. कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, आणि अपुऱ्या झोपेनंतरची सकाळ घरची आठवण दुप्पट करते.

घरी पहिली फेरी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर, छोटी, आणि परतीचं तिकीट आधीच काढून. परतायचं ते तासिकेच्या आदल्या रात्री उशिरा नव्हे, दुपारी. म्हणजे संध्याकाळचं जेवण गटाबरोबर होतं. दर शनिवारी घरी जाणाऱ्यांचं वेगळंच नुकसान होतं. मैत्रीचे ते मोकळे तास शनिवार-रविवारीच जमा होतात, आणि सोमवारी वर्गात सगळे ज्या गोष्टीवर हसत असतात ती याला माहीतच नसते. पण म्हणून काही हॉस्टेलं पहिला महिना बाहेर जायलाच बंदी घालतात, ते आम्हाला साफ अमान्य आहे. निर्णय आपल्या हातात नसणं हे ओढ वाढवण्याचं एक कारण आहे हे माहीत असताना, आणखी एक निर्णय काढून घेणं म्हणजे आगीवर तेल. शिवाय ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला असले नियम खोटं बोलायला शिकवतात.

या सगळ्यावर येणारा नेहमीचा आक्षेप असा की अठरा वर्षांच्या माणसाला बोट धरून चालवायचं का? त्याला आमचं उत्तर एवढंच, की वर सुचवलेल्यांपैकी कोणतीही गोष्ट विद्यार्थ्याच्या वतीनं निर्णय घेत नाही. मोठी माणसंही नव्या नोकरीत रुळतात ती शेजारच्या टेबलावरच्या माणसामुळे. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: काहींनी परत जाणंच योग्य असतं, त्यांना का अडवायचं? अडवू नयेच. पण निर्णय कशाबद्दल आहे ते आधी कळायला हवं. स्वतःला विचारावं, हाच अभ्यासक्रम घराशेजारी असता तर मी केला असता का? उत्तर ‘हो’ असेल तर प्रश्न घराचा आहे आणि तो बहुधा काही आठवड्यांत हलका होतो. उत्तर ‘नाही’ असेल तर अभ्यासक्रमच चुकला आहे. घरची ओढ फक्त त्याचं सभ्य नाव आहे, आणि शाखा बदलायची मुदत निघून जाण्यापूर्वी विभागात जाऊन बोलायला हवं. या मुदतीची तारीख पहिल्याच आठवड्यात ठळक सांगणारी विद्यापीठं फार कमी असतात.

आजार कुठे सुरू होतो तेही स्पष्ट असावं. घरच्या ओढीत मधूनमधून हसू येतं, भूक लागते, एखादी तासिका आवडते. जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ, दोन आठवडे उदास वाटत असेल किंवा कशातच रस उरला नसेल, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला दाखवावं. जगण्यात अर्थ नाही असं कोणी बोललं तर त्याच दिवशी मदत मिळवावी आणि तोवर त्या व्यक्तीला एकटं सोडू नये. विद्यापीठीय समुपदेशन सेवांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची शिफारस 1,000 ते 1,500 विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक अशी आहे. तेवढे असले तरी प्रत्येक करमत नसलेल्या मुलाला त्यांच्याकडे पाठवलं, तर खऱ्या आजारी मुलाला तीन आठवड्यांनंतरची वेळ मिळते. साध्या ओढीचं काम हॉस्टेलच्या जिन्यावर आणि जेवणाच्या टेबलावर व्हायला हवं, ते याहीसाठी.

राहता राहिली पहिल्या मोठ्या सुट्टीनंतरची वेळ. तिच्याकडे जवळजवळ कोणीच पाहत नाही, कारण तोवर सगळे रुळले असं गृहीत धरलेलं असतं. घरी पंधरा दिवस राहून आलेल्यांना ओढ पुन्हा तितक्याच जोरानं लागू शकते, आणि या वेळी ‘आपण तर सावरलो होतो’ म्हणून लाजही वाटते. सहा आठवड्यांचे ते गट सुट्टीनंतरच्या पहिल्या संध्याकाळी पुन्हा एकदा बोलवावेत, नावं वाचावीत, आणि जो आला नाही त्याच्या खोलीवर गटाबरोबरच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं त्याच रात्री जाऊन यावं. तो परतलाच नसेल, तर हे विभागाला दुसऱ्या दिवशी कळावं, अर्ज टेबलावर येईपर्यंत नव्हे.